शहरातली खोली आणि वर्षाचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की आपल्या सिरोंचा तालुक्यात घरोघरी एकच बोलणे सुरू होते. पोराला पुढे शिकवायचे. पण कुठे? कोणी म्हणते गडचिरोलीला घाला. कोणी म्हणते चंद्रपूर बरे. मामा नागपूरचे नाव घेतो. शेजारी म्हणतो, कशाला इतक्या लांब, गोदावरीचा पूल ओलांडला की वरंगल जवळ आहे.

मग प्रश्न येतो पैशाचा. आणि इथे बहुतेक माणसे एकच गोष्ट विचारतात. "तिथं खोली कितीला मिळते?"

विचारायला हवेच. पण तेवढ्यावर ठरवू नये. खोलीचे भाडे हा खर्चाचा एक तुकडा आहे. बैल घेताना आपण नुसती किंमत विचारत नाही. वैरण किती लागेल, दात किती, चालतो कसा, हे सारे पाहतो. मुलाच्या शिक्षणाचे ठिकाण ठरवताना तसेच पाहायला हवे.

आम्ही अनेक वर्षे शाळेत होतो. कितीतरी मुले शहरात जाताना पाहिली, आणि त्यांतली काही दिवाळीला परत आली ती कायमचीच, हेही पाहिले. ती मुले काही मठ्ठ नव्हती. एकीला तर बारावीला चांगले मार्क होते. बापाने भाड्याचे पैसे जमवले होते. खानावळीचे आणि जाण्यायेण्याचे मोजलेच नव्हते. दोन महिने उसनवारीवर निघाले. तिसऱ्या महिन्यात खानावळवाल्याने डबा बंद केला. मुलीचे वर्ष गेले, आणि कर्ज मागे राहिले. हे टाळता येते. त्यासाठी एक कागद, एक पेन्सिल आणि दोन संध्याकाळी लागतात.

आधी ठिकाणे पाहू.

आपल्या जिल्ह्याचे विद्यापीठ म्हणजे गोंडवाना विद्यापीठ. ते २०११ साली गडचिरोलीला सुरू झाले. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजे त्याच्याकडे आहेत. त्याआधी आपली मुले नागपूर विद्यापीठाची परीक्षा देत. नागपूरचे विद्यापीठ १९२३ सालचे. आज त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. नदीपलीकडे वरंगलला काकतीय विद्यापीठ आहे, ते १९७६ सालचे. हैदराबादचे उस्मानिया त्याहून फार जुने, १९१८ सालचे.

आता अंतर पाहा. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर पावणेचारशेच्या घरात. आणि वरंगल? सुमारे सव्वाशे. म्हणजे आपले स्वतःचे जिल्ह्याचे ठिकाण परराज्यातल्या शहरापेक्षा लांब! आपण महाराष्ट्राच्या टोकाला राहतो, त्याचा हा परिणाम.

मग सगळ्यांनी वरंगललाच जावे का? घाई करू नका. वरंगल जवळ आहे, आणि आपल्याकडे पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात, त्यामुळे मुलाला भाषेची अडचण नाही. पण तेलंगणातल्या कॉलेजांत बऱ्याच जागा तिथल्या स्थानिक मुलांसाठी राखलेल्या असतात. आणि महाराष्ट्र सरकार मुलांच्या राहण्या-जेवणासाठी जी मदत देते, ती महाराष्ट्रात शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. नदी ओलांडली की ती मागे राहते. म्हणून बसचे तिकीट स्वस्त, तरी वर्षाचा खर्च महाग, असे होऊ शकते. ही मदत काय आहे ते पुढे सांगतो. ते नीट वाचा, कारण खरा फरक तिथेच पडतो.

खोली शोधायच्या आधी वसतिगृह शोधावे. हा क्रम उलटा करू नका. पुष्कळ लोक आधी खोली घेतात, डिपॉझिट भरतात, आणि मग कळते की वसतिगृहात जागा होती.

वसतिगृहे तीन तऱ्हेची. एक कॉलेजचे किंवा विद्यापीठाचे स्वतःचे. प्रवेशाचा अर्ज भरताना त्याच दिवशी कॉलेजच्या कार्यालयात विचारावे. दुसरे सरकारी. आदिवासी विकास खात्याची मुलांची आणि मुलींची वेगळी वसतिगृहे आहेत. समाजकल्याण खात्याची अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहेत. इतर मागासवर्गीयांसाठीही आता जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहे सुरू झाली आहेत. तिथे राहण्याचे पैसे पडत नाहीत. जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून मार्क पाहून यादी लागते. अर्जाची मुदत चुकली तर मार्क असून उपयोग नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते, हे मे महिन्यातच तयार ठेवा. जूनमध्ये तहसील कचेरीत किती गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको.

तिसरी वसतिगृहे संस्थांची आणि विश्वस्त मंडळांची. यांची गोष्ट जरा सांगण्यासारखी आहे. पूर्वी गरीब मुलगा शिकायला शहरात गेला की वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. एखादे घर मिळाले नाही तर त्या वारी उपास. आणि अमुक जातीच्या मुलाला तर कोणी उंबऱ्याच्या आतही घेत नसे. हे पाहून कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढायला सुरुवात केली. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढले, आणि तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. पुण्याला १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, ती खेड्यातून आलेल्या गरजू मुलांसाठी. ती आजही चालू आहे. तेव्हा पुण्याला जायचे म्हटले की लगेच हातपाय गाळू नयेत. पुणे महाग खरे, पण अशा संस्थेत जागा मिळाली तर तिथला खर्च नागपूरच्या खाजगी खोलीहून कमीही पडेल. नागपूरलाही अशा संस्था आहेत. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना त्यांची नावे ठाऊक असतात.

वसतिगृह मिळाले नाही तरच खोली.

खोलीची चौकशी कोणाकडे करावी? दलालाकडे सर्वांत शेवटी. आपल्या तालुक्यातला जो मुलगा तिथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला आधी गाठा. त्याला मालक कोण, पाणी किती वेळ येते, खानावळीत पोळी मोजून देतात की पोटभर, सगळे माहीत असते. एकाला विचारून थांबू नका. तिघांना विचारा. तिघांचे आकडे जुळले तर ते खरे समजा.

आणि प्रत्येक गावाबद्दल तेच ते प्रश्न विचारा. हे फार महत्त्वाचे आहे. एकजण म्हणतो, "गडचिरोलीला दीड हजारात खोली." दुसरा म्हणतो, "नागपूरला अडीच हजारात." पण पहिला एका मुलाचा वाटा सांगतो का पूर्ण खोलीचे भाडे? दुसऱ्याच्या भाड्यात वीज आणि पाणी आहे का? खोलीत मुले दोन आहेत की चार? हे विचारले नाही तर धानाच्या पोत्याची आणि कापसाच्या क्विंटलची तुलना केल्यासारखे होईल.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे आम्ही फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. एकाच शहरात दोन खोल्या आहेत. दूरच्या खोलीत मुलाचा वाटा १,५०० रुपये. कॉलेजजवळच्या खोलीत २,०००. बाप साहजिकच दूरची घेईल. पण थांबा. दूरच्या खोलीपासून ऑटोचे जायचे २० आणि यायचे २०. रोज ४० रुपये. कॉलेज महिन्यात २४ दिवस. झाले ९६०. विजेचे बिल वेगळे, वाट्याला २०० आले. बेरीज २,६६०. जवळच्या खोलीत मुलगा पायी जातो, वीज भाड्यातच आहे. त्याचे २,००० म्हणजे २,०००च. महिन्याला ६६० रुपये वाचले, दहा महिन्यांत ६,६००. स्वस्त खोली महाग पडली ती अशी.

आता गावागावांचा हिशेब. कागदावर दोन उभ्या रेघा मारा. एका रकान्यात गडचिरोली लिहा, दुसऱ्यात नागपूर. आकडे पुन्हा धरलेलेच आहेत. तुम्ही चौकशी करून तुमचे खरे आकडे भरा.

गडचिरोलीला महिन्याचे भाडे १,५००, खानावळ २,५००, वह्या-मोबाइल-साबण वगैरे ८००. महिन्याचे ४,८००. दहा महिन्यांचे ४८,०००. वर्षात पाच वेळा घरी येणे-जाणे, एका फेरीचे ७००, म्हणून ३,५००. गादी, बादली, भांडी यांचे एकदाच ३,०००. डिपॉझिट १,५००. सगळे मिळून ५६,००० रुपये.

नागपूरला भाडे २,५००, खानावळ ३,०००, शहरातली बस ६००, इतर १,०००. महिन्याचे ७,१००. दहा महिन्यांचे ७१,०००. घरी चार फेऱ्या, एकीचे १,३००, म्हणून ५,२००. गादी-भांडी ३,०००. डिपॉझिट दोन महिन्यांचे, ५,०००. बेरीज ८४,२००.

फरक २८,२०० रुपयांचा. इथवर पाहिले तर गडचिरोलीच बरी. पण हिशेब अजून संपला नाही. यातून सरकारी मदत वजा करायची आहे.

आदिवासी मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. या दोन्ही २०१६-१७च्या सुमारास सुरू झाल्या. भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गीय मुलांसाठी २०२३ साली ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना ठरली. भाडे, जेवण आणि किरकोळ खर्च यांचे पैसे मुलाच्या खात्यात येतात. रक्कम सगळीकडे सारखी नाही. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. हे दर सरकार बदलू शकते. यंदाचा दर कचेरीतच विचारावा. आपल्या तालुक्यासाठी आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी अहेरीला आहे.

आता वजाबाकी करा. गडचिरोलीचे ५६,००० मधून ४३,००० गेले. उरले १३,०००. नागपूरचे ८४,२०० मधून ६०,००० गेले. उरले २४,२००. आधी फरक २८,२०० होता, आता ११,२०० राहिला. शहर महाग, तशी मदतही जास्त. म्हणून नागपूरचे नाव ऐकूनच घाबरू नये. नागपूरला मुलाला हवे ते शिक्षण मिळत असेल आणि गडचिरोलीला मिळत नसेल, तर अकरा हजारांचा विचार करायचा. अठ्ठावीस हजारांचा नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगायचे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक शिक्षणात मुलींची फी माफ केली. इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांच्या मुलींसाठी ती माफी आहे. हे ऐकून काही बाप म्हणतात, "आता पोरीचं शिक्षण फुकट झालं." फी माफ झाली, पण जेवण आणि खोली माफ झाली नाही. मुलीचा राहण्याचा कागद वेगळा मांडायचाच. एसटीत मात्र मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. तेव्हा मुलीच्या फेऱ्यांचा आकडा अर्धा धरा. आणि मुलीची खोली पाहायला आईने स्वतः जावे. दार आतून नीट बंद होते का, संडास-न्हाणी कुठे आहे, संध्याकाळी कॉलेजहून येण्याचा रस्ता कसा आहे, हे आईच्या नजरेला जेवढे दिसते तेवढे बापाच्या दिसत नाही.

आता पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट. वर्षाची बेरीज जुळली तरी पोरगा जूनमध्येच अडकतो. का? कारण पैसे लागतात एका वेळी, आणि आपल्या हाती येतात दुसऱ्या वेळी.

आपल्याकडे पैसा केव्हा येतो ते आठवा. कापूस दिवाळीनंतर. मिरची तोडायला आपली माणसे तेलंगणात जातात ती माघ-फाल्गुनात. मोहफूल चैत्रात. तेंदूपत्ता मे महिन्यात. आणि जून-जुलैत? तेव्हा बियाणे, खत आणि नांगरणी. घरातला रुपया शेतात गेलेला असतो. नेमके तेव्हाच कॉलेजची फी, डिपॉझिट, पहिले भाडे, खानावळीचे आगाऊ पैसे, गादी, बादली, सगळे एकदम येते. वरच्या हिशेबात पाहा. गडचिरोलीला पहिल्याच महिन्यात ९,३०० रुपये रोख लागतात. नागपूरला १५,१००. प्रवास आणि फी वेगळी. योजनेचे पैसे तेव्हा आलेले नसतात. ते हप्त्यांनी येतात, आणि पुष्कळदा उशिरा. काही मुलांना पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षात मिळाले आहेत.

याच खिंडीत सावकार उभा असतो. म्हणून ज्या घरातले मूल बारावीला आहे, त्या घराने त्या वर्षीचा तेंदूपत्त्याचा पैसा वेगळा काढावा. लग्नकार्य पुढे ढकलावे लागले तरी चालेल. निदान तीन महिन्यांचे भाडे आणि खानावळ हाती असल्याशिवाय मुलाला पाठवू नये. बचत गटातून कर्ज मिळत असेल तर तेही सावकारापेक्षा बरे.

पावसाळ्याचाही विचार करा. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहिता यांना केवढा पूर आला, ते आपण पाहिले आहे. गावेच्या गावे हलवावी लागली. अशा दिवसांत मुलगा घरी आला तर अडकतो, आणि तिथे असला तर घरून पैसे पोचत नाहीत. श्रावणातली एक फेरी कमी करावी, आणि तेवढे पैसे मुलाच्या खात्यात राखीव ठेवावे. लांबच्या प्रवासासाठी नदीपलीकडचे मंचेरियाल स्टेशन साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. तिथून नागपूरकडे रेल्वे मिळते. एसटीचे आणि रेल्वेचे दोन्ही तिकीट-दर विचारून कागदावर लिहा.

खानावळीबद्दल दोन शब्द. महिन्याचे पैसे देताना विचारावे, रविवारी संध्याकाळी जेवण असते का? मुलगा चार दिवस घरी गेला तर खाडा धरतात का? काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस गैरहजर राहिले तरच पैसे कापतात. काही ठिकाणी कापतच नाहीत. दोघे-तिघे मिळून खोलीवर स्वयंपाक करतात तेव्हा खर्च कमी येतो. पण परीक्षेच्या दिवसांत भांडी कोणी घासायची यावरून भांडणे होतात. तेव्हा पहिले वर्ष खानावळ आणि दुसऱ्या वर्षी चूल, हे आम्हाला बरे वाटते.

आता पैसे देण्याची वेळ. मोबाइलवर खोलीचा फोटो येतो. माणूस गोड बोलतो. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच दोन हजार टाका." टाकू नका. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. आपण जाऊ शकत नसू तर तिथे शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाला पाहायला पाठवा. काही घरमालक आधी आडनाव विचारतात आणि मग "खोली गेली" म्हणतात. तिथे वाद घालण्यात दिवस घालवू नका, दुसरी खोली पाहा. कॉलेजात मात्र हे सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या मुलाची पायपीट वाचेल.

बोलणे कागदावर आणा. महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. सरकारी मदतीच्या अर्जालाही राहण्याचा पुरावा लागतो, तेव्हा हा कागद दोन्हीकडे उपयोगी पडतो. भाडे किती, वीज कोणाची, डिपॉझिट किती, सोडण्याआधी किती दिवस सांगायचे, आणि भाडे दहा महिन्यांचे की बारा, हे त्यात असावे. सुट्टीचे दोन महिने मुलगा गावी असतो, तरी काही मालक त्यांचेही भाडे घेतात. नागपूरच्या त्या हिशेबात दोन महिन्यांचे ५,००० वाढले की सगळी गणिते बदलतात. हे जूनमध्येच विचारायचे, एप्रिलमध्ये नाही.

भाड्याची पावती दर महिन्याला घ्या. मोबाइलवरून पैसे दिले तर तो निरोप पुसू नका. खोलीत शिरताना भिंती, दिवे, पंखा, नळ यांचे फोटो काढून मालकालाच पाठवा. परीक्षा झाल्यावर खोली सोडताना तो म्हणेल पंखा तुम्ही मोडला, डिपॉझिटातून कापतो. तेव्हा जूनचा फोटो काढून दाखवावा, आणि डिपॉझिट हातात पडेपर्यंत चावी देऊ नये.